लोगोवर अडकलेला फोन आणि ‘फॉरमॅट ऑल’चं बटण

तालुक्याच्या गावी नव्यानं दुकान टाकलेल्या, किंवा कुणाच्या दुकानात हाताखाली बसलेल्या पोरांसाठी हे लिहितो आहे. फोन खोलणं, डिस्प्ले बदलणं, ड्रायव्हर टाकणं, कुठल्या प्रोसेसरला कुठलं टूल लागतं हे तुम्हाला येतं, असं धरून चालतो. सांगायचं आहे ते फाइल मारण्याआधीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवरून फोनचं सॉफ्टवेअर नव्यानं भरण्याआधीच्या (यालाच फ्लॅश म्हणतात) वीस मिनिटांबद्दल, आणि एका बटणाबद्दल. नव्या माणसाच्या हातून सगळ्यात जास्त फोन त्या बटणानंच जातात.

आधी तक्रार नीट समजून घ्या. ‘भाऊ, मोबाईल सुरूच नाही होऊन राहिला’ या एका वाक्यात तीन वेगळे आजार असतात. पहिला, स्क्रीन काळी पण फोन जिवंत. त्या नंबरवर कॉल लावा. रिंग वाजली किंवा थरथर झाली तर डिस्प्ले, पत्ता (डिस्प्ले जोडणारी पट्टी) किंवा लाइटचं काम आहे, लॅपटॉप उघडूच नका. दुसरा, लोगो येतो आणि तिथंच थांबतो किंवा पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतो. तिसरा फुल डेड, काहीच हालचाल नाही. फाइल मारून उठतात ते बहुतेक दुसऱ्या प्रकारातले आणि तिसऱ्यातले थोडे. ही विभागणी न करता जो सरळ फ्लॅश मारायला बसतो, तो अंधारात दगड मारतो.

आपल्याकडे चार्जिंग जॅक आधी बघायचा. कापूस वेचणीच्या दिवसांत खिशातल्या फोनच्या जॅकमध्ये रुई इतकी दाबून बसते की पिन वरून लागलेली दिसते, पण आत टेकतच नाही. लाकडी टूथपिकनं ती हळूच ओढून काढा, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावलेला मऊ ब्रश फिरवा. सुई घालू नका, मधली जीभ तुटते. पावसाळ्यात जॅकच्या पिनांवर हिरवा थर दिसला तर आधी तो साफ करा. अशा जॅकवर फाइल अर्ध्यात तुटते आणि लोगोवरचा फोन फुल डेड होतो. व्हॉल्यूमची बटणंही दाबून बघा. ‘व्हॉल्यूम डाऊन’ आत रुतलेलं असेल तर फोन दर वेळी फास्टबूटमध्येच (फ्लॅशिंगच्या मोडमध्ये) जाईल, फाइल दहा वेळा मारली तरी. सिम आणि मेमरी कार्ड काढून एकदा चालू करून पाहा. खराब कार्डामुळे लोगोवर अडकलेले फोनही येतात. पॉवर आणि व्हॉल्यूम डाऊन पंधरा-वीस सेकंद एकत्र दाबून धरा. एवढ्यानं उठला तर गिऱ्हाइकाचा डेटा वाचला आणि तुमचा वेळही.

मग डीसी पॉवर सप्लाय. बॅटरी काढा, ४ व्होल्ट लावा, पॉवर बटण दाबू नका. काटा शून्यावर राहायला पाहिजे. बटण न दाबताच करंट ओढत असेल तर बोर्डावर शॉर्ट आहे. ते हार्डवेअरचं काम, फाइलनं कधीच जाणार नाही. बटण दाबल्यावर करंट वर-खाली नाचत चढला तर बूट पुढे सरकतो आहे. अगदी थोड्यावर, साधारण ०.०३ ते ०.०८ अँपिअरवर, चढून तिथंच गोठला तर प्रोसेसर जागा झाला पण पुढचं काही वाचता येत नाही. कारण सॉफ्टवेअर असेल, स्टोरेजची आयसी असेल किंवा रॅम. अशा वेळी कॉम्प्युटरला लावून त्यावर फोनचा पोर्ट दिसतो का, म्हणजे कॉम्प्युटर फोनला ओळखतो का, ते बघायचं. बटण दाबूनही शून्य असेल तर बटणाची स्ट्रिप आणि पॉवर आयसीकडे जा.

आता गिऱ्हाइकाशी बोला, आणि काम सुरू करण्याआधीच बोला. ‘पोरीच्या लग्नाचे फोटो हायेत ना भाऊ त्यात’ हे वाक्य फाइल मारून झाल्यावर ऐकायची वेळ कुणावर येऊ नये. स्पष्ट सांगा की डेटा जाऊ शकतो. आताच्या अँड्रॉइड फोनमधला डेटा एन्क्रिप्टेड असतो, त्याची किल्ली त्याच फोनात असते, त्यामुळे एकदा पुसला की चिप काढूनही परत मिळत नाही. त्यांच्या गूगल खात्यात दुसऱ्या फोनवरून जाऊन फोटो किती चढलेत ते त्यांच्यासमोर बघा. मेमरी कार्ड ‘इंटर्नल’ करून वापरलं असेल तर त्याची किल्लीही फोनातच असते, फोन पुसला की कार्डावरचंही गेलं. खात्याचा आयडी-पासवर्ड आठवतो का ते विचारा, नाहीतर फोन उठेल आणि गूगल लॉकवर उभा राहील. बिल किंवा खोका मागायला लाजू नका. सिम काढून त्यांच्या साध्या हँडसेटमध्ये घालून द्या. बँकेचे, ई-पीक पाहणीचे ओटीपी त्याच नंबरवर येतात आणि ते तुमच्या दुरुस्तीसाठी थांबत नाहीत.

तयारीचं थोडक्यात. बॅटरी निदान ३.७ व्होल्ट भरलेली हवी. केबल आखूड आणि डेटावाली. यूएसबी २.० चा पोर्ट. डेस्कटॉप असेल तर मागचा पोर्ट वापरा आणि इन्व्हर्टरशिवाय हात लावू नका. लॅपटॉपची बॅटरी अर्धा तास तरी टिकली पाहिजे, कारण वादळी पाऊस सुटला की लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. फाइल तीन-चार जीबीची असते आणि आपलं नेट दिवसाला दीड-दोन जीबीचं. म्हणून एकदा उतरवलेली फाइल मॉडेल, रॅम-स्टोरेज आणि व्हर्जनसकट नाव देऊन हार्ड डिस्कवर ठेवा. एमडी५ (फाइल पूर्ण उतरली का ते तपासायचा कोड) मिळत असेल तर जुळवून घ्या. तुटक उतरलेली झिप कधी कधी उघडतेसुद्धा, पण आतली सिस्टीमची फाइल अपुरी असते.

आता ते बटण.

मीडियाटेक प्रोसेसरचा फोन, त्याचं एसपी फ्लॅश टूल, स्कॅटर फाइल (स्टोरेजच्या तुकड्यांचा, म्हणजे पार्टिशनचा नकाशा) लोड केली, ‘डाऊनलोड ओन्ली’ निवडलं, फोन लावला. लाल पट्टी सरकली आणि चौकट आली: एरर ८०३८. खाली टूलच सांगतं की पार्टिशनचा तक्ता बदललेला आहे, ‘फॉरमॅट ऑल प्लस डाऊनलोड’ निवडून पुन्हा करा. समोर गिऱ्हाईक उभं, डोक्यावर ४५ अंशाचं ऊन, पंखा बंद, आणि टूल स्वतःच रस्ता दाखवतं आहे. नवा माणूस ते बटण दाबतो. पट्टी पिवळी होते, हिरवा टिक येतो, फोन उठतो, सगळे खूश. मग सिम घालतात आणि नेटवर्क नाही. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं तर आयएमईआयच्या (फोनच्या ओळख क्रमांकाच्या) जागी काहीच नाही. वायफायच्या यादीत वर ‘एनव्हीरॅम वॉर्निंग’ नावाची ओळ. त्या क्षणी पोटात जो खड्डा पडतो तो कुणाच्याही वाट्याला येऊ नये, म्हणून हे सविस्तर सांगतो.

फोनच्या स्टोरेजचे कितीतरी तुकडे असतात. बूट, सिस्टीम, व्हेंडर हे त्या मॉडेलच्या सगळ्या फोनांत सारखे, म्हणून त्यांच्या फाइली फर्मवेअरमध्ये, म्हणजे आपण मारतो त्या कंपनीच्या फाइलमध्ये, मिळतात. पण एनव्हीरॅम, एनव्हीडेटा, एनव्हीसीएफजी, प्रोटेक्ट वन, प्रोटेक्ट टू, प्रोइन्फो, पर्सिस्ट या तुकड्यांत फक्त त्या एका फोनची माहिती असते. आयएमईआय, सीरियल नंबर, वायफाय-ब्लूटूथचा पत्ता, आणि रेडिओचं कॅलिब्रेशन, म्हणजे कुठल्या बँडवर किती ताकद लावायची त्याचं कारखान्यात केलेलं मोजमाप. फर्मवेअरमध्ये यांतल्या बहुतेकांच्या फाइली नसतातच. स्कॅटर फाइल नोटपॅडमध्ये उघडा, एनव्हीरॅमच्या पुढे फाइलच्या नावाच्या जागी ‘नन’ लिहिलेलं दिसेल. ‘फॉरमॅट ऑल’ सगळे तुकडे पुसतं आणि ‘डाऊनलोड’ ज्यांच्या फाइली आहेत तेवढेच भरतं. बाकीचे रिकामे राहतात. टूल बिघडलेलं नसतं, त्यानं सांगितलं तेच केलेलं असतं. आयएमईआयचा आकडा एक वेळ परत लिहिता येईल, कॅलिब्रेशन येत नाही. असा फोन गावात टॉवरखाली बरा चालतो आणि शेतात गेला की रेंज सोडतो.

म्हणून ८०३८ आला की थांबा. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच की फाइल या फोनची नाही. ३२ जीबीची ६४ ला लावली, किंवा मधल्या अपडेटमध्ये पार्टिशन बदलले आणि तुमची फाइल जुनी आहे. बरोबर फाइल मिळाली की तो एरर आपोआप जातो. खरंच तक्ता बदलायची गरज असेल तर ‘फर्मवेअर अपग्रेड’ निवडा. ते आधी राखीव तुकडे बाजूला काढतं, मग पुसतं, मग परत ठेवतं. पण मधेच केबल हलली तर तेही जातात, शिवाय यात डेटा जातोच.

त्याआधी बॅकअप. एकही फोन याशिवाय फ्लॅश करू नका. टूलच्या ‘रीडबॅक’ (फोनातलं वाचून घ्यायच्या) टॅबमध्ये ‘ॲड’ दाबा. स्कॅटरमधून एनव्हीरॅमच्या खाली लिहिलेला ‘लिनिअर स्टार्ट ॲड्रेस’ आणि ‘पार्टिशन साइझ’ जसाच्या तसा उतरवा, रीजन ‘ईएमएमसी यूजर’ ठेवा. वर सांगितलेल्या प्रत्येक तुकड्यासाठी वेगळी ओळ. दुसऱ्या मॉडेलचा आकडा चालत नाही. वाचून झालं की फाइलचा आकार जुळतो का पाहा आणि हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले कच्चे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडा. सगळीकडे नुसती शून्यं किंवा नुसते एफएफ दिसले तर तो बॅकअप रिकामा आहे, पत्ता चुकला. मधे मधे भरलेले आकडे दिसले पाहिजेत. काही नव्या फोनांत टूल ऑथेंटिकेशन फाइल मागतं आणि वाचूच देत नाही. तिथं हट्ट न करता फोन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवा. त्यात कमीपणा नाही.

‘प्रीलोडर’चा, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या पहिल्या प्रोग्रामचा, टिकही असाच जपून. लोगो येतो म्हणजे प्रीलोडर शाबूत आहे, टिक काढून टाका. रॅम जागी करायची माहिती त्यात असते. चुकीचा बसला की रॅम उठत नाही आणि पुढच्या वेळी ४०३२ एरर, ‘डीरॅम फेल’. मात्र घाबरून जाऊ नका. प्रोसेसरच्या आतला बूट रॉम कुठल्याच फाइलनं पुसला जात नाही. व्हॉल्यूमची बटणं दाबून किंवा बोर्डावरचा टेस्ट पॉइंट ग्राउंडला टेकवून फोन कॉम्प्युटरला लावला की पोर्ट दिसतो, आणि बरोबर प्रीलोडर टाकून तो परत उठतो. डेड झालेला फोन उठवता येतो. गेलेलं कॅलिब्रेशन आणता येत नाही. हा फरक मनात पक्का असेल तर हात थरथरत नाही.

बाकीच्यांचं भराभर. सॅमसंगला त्यांच्या ओडिन टूलमध्ये ‘सीएससी’ फाइलऐवजी ‘होम सीएससी’ घाला, डेटा राहण्याची शक्यता असते. ‘रीपार्टिशन’ आणि ‘नँड इरेज’ला हात लावू नका. फर्मवेअरच्या नावात शेवटून पाचवं अक्षर म्हणजे बिट, जुनी फाइल अडवणारा आकडा. फोनातल्यापेक्षा खालचा बिट बसत नाही, ‘एसडब्ल्यू रेव्ह चेक फेल’ येतो. शाओमीला ‘मी फ्लॅश’ टूलमध्ये खाली कोपऱ्यात ‘क्लीन ऑल अँड लॉक’ बऱ्याच व्हर्जनमध्ये आधीच निवडलेलं असतं. चीनसाठी बनलेल्या फोनवर बाहेरच्या देशांची (ग्लोबल) फाइल आणि वर लॉक, म्हणजे फोन उठल्यावर ‘हे व्हर्जन चालणार नाही’ म्हणून अडून बसतो. जुनी फाइल टाकण्याआधी अँटी रोलबॅकचा (मागच्या व्हर्जनवर जाणं अडवणारा) आकडा बघा. क्वालकॉम प्रोसेसरच्या फोनला ९००८ पोर्टवर (त्याच्या फ्लॅशिंगच्या मोडमध्ये) ‘सहारा फेल’ एरर आला तर केबल काढा, फोन पुन्हा त्याच मोडमध्ये घ्या आणि लगेच सुरू करा. तरीही येत राहिला तर लोडर (फोनात आधी चढणारी मदतीची फाइल) चुकीचा आहे. तिथं जपायचे तुकडे म्हणजे मोडेमएसटी वन, टू, एफएसजी आणि पर्सिस्ट.

उस्तादाबद्दल माझं मत ठाम आहे. फोन हातात घेताच ‘टाक फाइल’ म्हणणाऱ्याकडे शिकू नका. जो आधी मल्टिमीटर उचलतो आणि ‘करंट किती घेतो’ विचारतो, त्याच्याकडे सहा महिने फुकट बसावं लागलं तरी बसा. क्रॅक केलेली टूलं लॅपटॉपवर घेऊ नका. अँटिव्हायरस बंद करायला सांगणाऱ्या टूलवर भरवसा ठेवायचा आणि त्याच लॅपटॉपवर गिऱ्हाइकाचं गूगल खातं उघडायचं, हे मला पटत नाही. आणि दुसऱ्या फोनचा एनव्हीरॅम टाकून ‘आयएमईआय बनवून देतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. दूरसंचार कायदा २०२३ प्रमाणे ओळख क्रमांकाशी छेडछाड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

एक गोष्ट उगाच रात्र रात्र जागवते. फाइल पूर्ण गेली, हिरवा टिक आला, फोन लावला आणि तोच जुना वॉलपेपर किंवा तीच अडकलेली अवस्था. तुमची चूक नाही. ईएमएमसी, म्हणजे स्टोरेजची आयसी, वाचते आहे पण लिहून घेत नाही, तिचं आयुष्य संपलं. पाच वेळा फ्लॅश मारून काही होणार नाही. आयसी बदलावी लागेल. तेवढं मशीन नसेल तर नागपूरला सीताबर्डीत पाठवा आणि गिऱ्हाइकाला खर्च आधी सांगा.

फोन उठला की लगेच देऊ नका. दोन्ही आयएमईआय खोक्यावरच्या आकड्याशी जुळवा. दोन्ही सिमवरून कॉल लावून दोन मिनिटं बोला, वायफाय, ब्लूटूथ, फिंगरप्रिंट, कॅमेरा बघा. अर्धा तास चालू ठेवून दोनदा रीस्टार्ट करा. बॅकअपच्या फोल्डरला मॉडेल, तारीख आणि आयएमईआयचे शेवटचे चार आकडे असं नाव द्या. तो बॅकअप फक्त त्याच फोनला चालतो, म्हणून नाव चुकवू नका. रजिस्टरमध्ये काय मारलं, कुठलं व्हर्जन, ते लिहा आणि मग सिम घालून फोन हातात द्या.