घटस्फोट, मालमत्ता आणि मुलं: सोलापुरात सुरुवात कुठून करायची?

नोटरीकडे पाचशेच्या स्टॅम्पवर "आजपासून आमचा संबंध नाही" असं लिहायचं, दोघांनी सह्या करायच्या, चार पंच साक्षीला घ्यायचे, की झाली काडीमोड! असं आजही पुष्कळ जण धरून चालतात. हिंदू विवाह कायदा, 1955 खाली अशा कागदाने लग्न मोडत नाही. समाजात काडीमोडीची जुनी रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण ती कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. नुसत्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न लावलं तर ते बेकायदा ठरतं, शिवाय फौजदारीही मागे लागू शकते. तेव्हा वाट कौटुंबिक न्यायालयाचीच. (मुस्लिम, ख्रिस्ती आणि नोंदणी विवाह केलेल्या जोडप्यांचे कायदे वेगळे आहेत, इथे मुख्यतः हिंदू विवाहाबद्दल लिहितो आहे.)

आधी कागद, मग वकील

भांडण तापलं की कपाटाच्या किल्ल्या सापडत नाहीत. म्हणून लग्नाचा दाखला किंवा पत्रिका-फोटो, मुलांचे जन्मदाखले, पासबुकं, पगाराच्या स्लिपा आधीच जमवा. घर असेल तर नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून खरेदीचा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदीचा उतारा) काढा, शेत असेल तर सातबारा.

दागिन्यांची यादी वेगळ्या वहीत करा. "सोनं होतं, दहा-बारा तोळे" हे कोर्टात टिकत नाही. "गंठण, अडीच तोळे, आईने दिलं, पावती आहे, लग्नाच्या फोटोत दिसतं", असं एकेका डागापुढे लिहा. स्त्रीधन बायकोचंच असतं, सासूच्या लॉकरमध्ये असलं तरी.

अर्ज कुठे, खर्च किती

लग्न जिथे लागलं, दोघं शेवटी एकत्र जिथे राहिले किंवा समोरची बाजू जिथे राहते, तिथे अर्ज करता येतो. बायकोला आणखी एक सोय आहे: ती आता राहते तिथेही. पुण्याहून अक्कलकोट रोडला माहेरी आलेली मुलगी सोलापुरातच अर्ज करू शकते. शहराबाहेर तालुक्यात राहत असाल तर कोणतं कोर्ट लागू होतं ते आधी विचारून घ्या.

महाराष्ट्रात घटस्फोट आणि पोटगीच्या दाव्यात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्यासाठी त्यांना उत्पन्नाची अटही नाही. फोन 15100.

दोघं राजी असतील तर

लग्नाला वर्ष झालेलं असावं आणि दोघं वर्षभर वेगळे राहत असावेत. वेगळे म्हणजे नवरा-बायको म्हणून राहत नसणं. दोन खोल्यांच्या घरात एकाच छपराखाली असले तरी चालतं. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार योग्य प्रकरणात कोर्ट ही अट माफ करू शकतं. हुकूमनामा (कोर्टाचा घटस्फोटाचा अंतिम आदेश) होईपर्यंत कोणालाही संमती मागे घेता येते, म्हणून सगळी रक्कम पहिल्याच तारखेला देऊन मोकळं होऊ नका. थोडी आता, उरलेली शेवटच्या तारखेला कोर्टात डीडीने, असं अटींमध्येच लिहा.

"अर्धं मिळतं ना?"

नाही. नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोला घटस्फोटाने आपोआप अर्धा वाटा मिळेल, असा कायदा आपल्याकडे नाही. ज्याच्या नावावर, त्याचं. दोघांच्या नावावर असेल तर कोणी किती पैसे घातले हे पाहिलं जातं. कुंभारीच्या वसाहतीत विडी कामगार बाईच्या नावावर घर असेल तर ते तिचं, नवऱ्याने कितीही आवाज चढवला तरी.

वाटा नसला तरी हक्क आहेत: पोटगी, एकरकमी रक्कम, आणि 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली राहण्याचा हक्क. हा शेवटचा हक्क सासऱ्याच्या नावावरच्या घरातही मागता येतो. कठीण गाठ उत्पन्नाची. कारखाना वडिलांच्या नावावर, व्यवहार रोखीत, आणि कोर्टात उत्तर, "मी तर कामगार." 2020 पासून पोटगीच्या दाव्यात दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ते खोटं वाटलं तर यंत्रमागांचं वीजबिल, गाडीचे हप्ते, मुलांच्या शाळेची फी पुढे करा. माझ्या मते इथे लांबलचक भाषणापेक्षा एक वीजबिल जास्त बोलतं.

हक्कसोडपत्र (मालमत्तेतला आपला हिस्सा सोडल्याचा कागद) करायचं ठरलं असेल तर ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. बँकेचं कर्ज मात्र हुकूमनाम्याने फिटत नाही. सही ज्याची, हप्ता त्याच्याकडेच मागतात.

मुलं

पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे. पुढे मुलाचं हित पाहतात. समज असलेल्या मुलाला न्यायाधीश स्वतः विचारतातही, पण त्याचा शब्द अंतिम नसतो. ताबा कोणाकडेही असो, दुसऱ्याच्या भेटीची व्यवस्था कागदावर नेमकी आणा. "सोयीनुसार भेट" लिहिलं की दर रविवारी भांडण. त्याऐवजी "दुसरा आणि चौथा शनिवार सकाळी 10 ते संध्याकाळी 6, दिवाळी एक वर्ष आड, गड्ड्याच्या जत्रेचा एक दिवस वडिलांकडे" असं लिहा. आणि मुलाला तारखेला विनाकारण नेऊ नका.

निकालानंतर

एकतर्फी (समोरची बाजू हजर न राहता) किंवा लढून मिळालेल्या हुकूमनाम्यानंतर अपिलाची मुदत, म्हणजे 90 दिवस, संपल्याशिवाय दुसरं लग्न नको. सोलापूरकरांना अपिलासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आहे. हुकूमनाम्याच्या तीन-चार प्रमाणित प्रती एकदमच मागून घ्या. रेशनकार्ड, पासपोर्ट, बँक, सगळीकडे लागतात.