वर्गातली हवा मोजताना कोकणातल्या शाळांनी या चुका टाळाव्यात

वर्गात हवा मोजणारे यंत्र बसवल्यावर सर्वांत मोठा घोटाळा पावसाळ्यात होतो. जून ते सप्टेंबर या काळात रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगत हवेतील आर्द्रता अनेकदा ९० टक्क्यांच्या आसपास असते, आणि लेसरच्या प्रकाशात कण मोजणारी स्वस्त यंत्रे पाणी शोषून फुगलेल्या कणांनाही धूळच समजतात. समुद्रावरून येणारे मिठाचे कण तर साधारण ७५ टक्के आर्द्रतेला विरघळून थेंब होतात. म्हणूनच, सलग पाऊस लागलेला असताना पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा, आकडा चढलेला दिसला, तर आधी आर्द्रता पाहावी. ती ८० टक्क्यांच्या पुढे असेल, तर त्या वेळच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात आणि २४ तासांच्या सरासरीसाठीच्या दर घनमीटर ६० मायक्रोग्रॅम या भारतीय मर्यादेशी त्यांची तुलना करू नये.

याच दिवसांत दुसरी गोष्ट नजरेतून सुटते. झड आत येते म्हणून खिडक्या लावून घेतल्या जातात, पंखे फिरत असतात आणि हवा खेळती आहे असा समज होतो. पंखा आतलीच हवा फिरवतो, आणि स्प्लिट एसीचेही तेच. श्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा, जो बाहेर सुमारे ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो, भरल्या वर्गात हजाराच्या वर सरकत राहतो. जुन्या कौलारू वर्गाला फटींचा आधार असतो. स्लॅबच्या नव्या खोलीत तो नाही. वाऱ्याच्या आडोशाची एक खिडकी आणि व्हरांड्याकडचे दार उघडून आकडा उतरतो का, हे दहा-पंधरा मिनिटे पाहिले, तर ती खोली किती श्वास घेते हे कळते.

यंत्र घेताना ते कार्बन डायऑक्साइड अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांनी प्रत्यक्ष मोजते की इतर वायूंवरून नुसता अंदाज बांधते, हे विचारावे. अंदाज बांधणाऱ्या यंत्राला फिनाईलने पुसलेली फरशीही गर्दीसारखी भासते. अवरक्त यंत्रांतही एक मेख आहे. त्यांपैकी बरीचशी यंत्रे काही दिवसांतली सर्वांत कमी नोंद म्हणजे बाहेरची हवा असे धरून स्वतःला जुळवून घेतात, आणि आपल्याकडे तर शाळा सुटताना मेन स्विच बंद करण्याची शिस्त असते. रात्रीची स्वच्छ हवा यंत्राला दिसतच नाही, आणि कालांतराने ते कमी आकडे दाखवू शकते. त्याची जोडणी सुरू ठेवावी, किंवा ते अधूनमधून माणसांपासून दूर, सावलीत, उघड्यावर ठेवून आकडा ४२० च्या जवळ येतो का ते तपासावे.

यंत्र खिडकीत, पंख्याखाली किंवा मुलांच्या तोंडासमोर नसावे. बसलेल्या मुलांच्या डोक्याच्या उंचीला, भिंतीवर असावे.

उन्हाळ्यात प्रश्न उलटा होतो. शेतात भाजवळ (पेरणीआधी जमीन भाजण्यासाठी पसरलेला पालापाचोळा) पेटली की धूर आत येतो आणि पीएम २.५ खरोखरच वाढते. अशा वेळी खिडक्या लावणे योग्यच, पण कार्बन डायऑक्साइड त्याच तासात चढेल. दोन्ही आकडे, खिडक्यांची स्थिती आणि धुराची वेळ एकाच वहीत लिहिली, तरच धूर ओसरल्यावर खिडक्या केव्हा उघडायच्या हे ठरवता येते.