गळ टाकण्यापूर्वी ओढा कसा वाचावा

फ्लाय फिशिंगमध्ये माशाला खरे खाद्य दाखवले जात नाही. गळावर पिसे, केस आणि दोरा गुंडाळून तयार केलेला नकली कीटक, म्हणजेच फ्लाय, पाण्यावर किंवा पाण्याखाली सोडला जातो, आणि ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाने तो खरा समजून तोंडात घ्यावा यावर सारे अवलंबून असते. त्यामुळे त्या पाण्यात कोणते कीटक वाढतात हे न पाहता फ्लाय निवडणे म्हणजे अंधारात दगड मारण्यासारखेच आहे. सोय अशी की, फ्लाय निवडण्यासाठी जी पाहणी करावी लागते, तीच ओढ्याची प्रकृतीही सांगते; त्यासाठी वेगळा अर्धा तास काढावा लागत नाही.

पाहणीची सुरुवात तापमापकापासून करावी. माझ्या मते हे उपकरण गळाच्या काठीइतकेच आवश्यक आहे, आणि बहुतेकांच्या पिशवीत नेमके तेच नसते. काठालगतचे उथळ पाणी उन्हाने तापलेले असते, म्हणून तापमापक दोरीला बांधून मुख्य प्रवाहात, शक्यतो सावलीत, हातभर खोल सोडावा आणि दोन मिनिटांनी आकडा पाहावा. साधारण 10 ते 16 अंश सेल्सिअसच्या पाण्यात ट्राउट सुखाने खाते आणि वाढते. आकडा 18 च्या वर गेला की सावध व्हावे, आणि 20 ला पोहोचला की दोरी गुंडाळून घरी जावे. याचे कारण असे की, पाणी तापते तसा त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो: 10 अंशांच्या पाण्यात तो लिटरमागे जास्तीत जास्त सुमारे 11.3 मिलिग्रॅम मावतो, तर 20 अंशांना जेमतेम 9.1 मिलिग्रॅम. त्याच वेळी माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज मात्र वाढत जाते. अशा पाण्यात गळाला लावून झुंजवलेला आणि पुन्हा पाण्यात सोडलेला मासा शेपटी हलवत निघून जातो, त्यामुळे आपले समाधान होते. तो काही तासांनी डोहाच्या तळाशी मेला, तर ते आपल्याला दिसत नाही. उन्हाळ्यात सकाळचा आकडा दुपारी खरा राहत नाही, म्हणून मोजणी दर दोन तासांनी पुन्हा करावी.

यानंतर दगड उलटावेत. पाणी जिथे गोट्यांवरून खळाळत वाहते अशी, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत खोलीची जागा निवडावी. बारीक विणीची हातजाळी प्रवाहाच्या खालच्या बाजूला तळाशी टेकवून धरावी आणि तिच्या वरच्या अंगाला पायाने तीन मिनिटे खडी ढवळावी, म्हणजे सुटलेले जीव वाहत जाळीत येतात. ते थोड्या पाण्यासह पांढऱ्या ट्रेमध्ये ओतले, की हालचाल स्पष्ट दिसू लागते. त्यात मुख्यतः तीन गटांचे कीटक ओळखावेत. मेफ्लायच्या पिलाला बहुधा तीन शेपट्या असतात आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना नाजूक कल्ले फडफडताना दिसतात. स्टोनफ्लायला दोनच शेपट्या आणि प्रत्येक पायाला दोन नख्या असतात. कॅडिसफ्लायच्या अनेक जातींची अळी वाळूचे कण किंवा काटक्या चिकटवून स्वतःभोवती नळीसारखे घर बांधते. हे तिन्ही गट भरपूर सापडले, तर ओढा बहुधा धडधाकट आहे असे समजावे. त्यातही स्टोनफ्लाय सर्वांत नाजूक प्रकृतीची असल्याने प्राणवायू घटू लागला की बहुधा तीच आधी नाहीशी होते. उलट ट्रेमध्ये केवळ लाल अळ्या आणि गाळातले किडेच वळवळत असतील, तर वर कुठेतरी सांडपाणी किंवा शेणखताचा निचरा ओढ्यात येत असण्याची शंका घ्यावी.

पाणी नितळ दिसते म्हणून ते निरोगी असतेच असे नाही. कीटकनाशक वाहून आले तर पाणी काचेसारखे राहते आणि तळ मात्र ओसाड होतो. बाटलीत भरलेला नमुना त्या एका क्षणाचेच पाणी दाखवतो. कीटक मागच्या कित्येक महिन्यांचा हिशेब सांगतात. अर्थात नुकत्याच येऊन गेलेल्या पुरानेही तळ धुऊन निघतो, त्यामुळे एकाच पाहणीवरून निष्कर्ष काढू नये. त्याच जागी दर महिन्याला तेच करावे आणि वहीत नोंद ठेवावी. त्या दिवशीची फ्लायही ट्रेमध्ये जास्त दिसलेल्या कीटकाच्या आकाराची आणि रंगाची निवडावी. काम झाले की जीव पाण्यात सोडावेत आणि उलटलेले दगड पूर्ववत ठेवावेत.

पाण्यात उतरताना खडीकडे नीट पाहावे. ब्राउन ट्राउट शरद ऋतूपासून हिवाळ्यापर्यंत आणि रेनबो ट्राउट बहुधा वसंतात अंडी घालते. मादी कुशीवर होऊन शेपटीने खडी उपसते, त्यामुळे आजूबाजूच्या तळापेक्षा उजळ दिसणारा खळगा आणि त्यामागे खडीचा उंचवटा तयार होतो. त्या उंचवट्याखाली अंडी असतात. 10 अंशांच्या पाण्यातही ती उबायला जातीनुसार सुमारे चार ते सहा आठवडे लागतात, आणि अधिक थंड पाण्यात त्याहून बरेच जास्त. तेथे चुकूनही पाय देऊ नये. खडीत टाच दाबल्यावर मातकट ढग उठत असेल, तर गाळाने फटी बुजून अंड्यांचा श्वास कोंडतो आहे. अशा वेळी गुरांनी तुडवलेला किंवा झाडी तोडलेला काठ वरच्या बाजूला शोधावा.

मासा लागल्यानंतरचे नियम थोडे, पण कडक आहेत. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा, दोरी मजबूत वापरून झुंज लवकर संपवावी, हात ओले करावेत आणि मासा पाण्यातच ठेवून गळ सोडवावा. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दमेपर्यंत पळवलेल्या रेनबो ट्राउटपैकी सुमारे 12 टक्के मासे दगावले. तसेच पळवून वर 30 सेकंद हवेत धरलेल्या माशांपैकी 38 टक्के, आणि एक मिनिट धरलेल्यांपैकी 72 टक्के. छायाचित्राचा मोह आवरायला एवढे आकडे पुरेसे ठरावेत.

बूट आणि जाळी दुसऱ्या ओढ्यावर नेण्यापूर्वी चिखल काढून, धुऊन पूर्ण वाळवावीत, आणि हाताला कोरडी लागल्यावरही आणखी 48 तास थांबावे. डिडिमो हे तळ झाकून टाकणारे शेवाळ न्यूझीलंडमध्ये 2004 साली आढळले, आणि बुटांच्या ओलावा धरून ठेवणाऱ्या फेल्टच्या, म्हणजे नमद्यासारख्या कापडाच्या, तळव्यांवर त्या देशाने 2008 मध्ये बंदी घातली.

कधी मेलेले मासे तरंगताना दिसले, तर त्यांना हात न लावता वेळ, ठिकाण आणि छायाचित्रे नोंदवून प्रदूषणाचे काम पाहणाऱ्या स्थानिक यंत्रणेला लगेच कळवावे. दूषित पाणी काही तासांत पुढे निघून जाते, म्हणून काठाकाठाने वर चालत जाऊन मेलेले मासे कोठून दिसेनासे होतात ती जागा नक्की करावी. तपासणाऱ्याला सर्वांत आधी तीच हवी असते.