वावर गहाण टाकताना: कागद, वसुली आणि बोजा

वावरावर पैसे उचलायचे असतील तर कागद गहाणखताचाच करा, खरेदीखताचा नको. “पैसे आले की वावर परत करून देतो” एवढ्या शब्दावर सावकाराला खरेदी करून दिली जाते आणि विदर्भात वावरं हातची जातात ती इथंच. खरेदी नोंदली की फेरफार होतो, सातबारावर सावकाराचं नाव चढतं. परतीची अट वेगळ्या स्टॅम्पपेपरवर लिहून उपयोग नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 58 प्रमाणे ती त्याच खरेदीखतात नसेल, तर व्यवहार गहाण ठरत नाही.

नजरगहाण, म्हणजे ताबा न देता केलेलं गहाण, सगळ्यात बरं, कारण ताबा आणि पीक तुमचंच राहतं. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करा, किमान दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. रक्कम, व्याज, मुदत, गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, सगळं लिहा. 2 एकरांवर भागत असेल तर 5 एकर अडकवू नका. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासी माणसाकडे गहाण ठेवायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

कर्ज थकलं म्हणून वावर आपोआप कोणाचं होत नाही. नजरगहाण घेणाऱ्याला दिवाणी दावा लावावा लागतो. प्राथमिक हुकुमात पैसे भरायला 6 महिन्यांपर्यंत मुदत मिळते, विक्री त्यानंतर. बँकांचा सरफेसी कायदा (थकलेल्या कर्जाचं तारण ताब्यात घ्यायचा) शेतजमिनीला लागत नाही. घर, दुकान किंवा एनए (बिगरशेती) प्लॉट तारण असेल तर मात्र 60 दिवसांच्या नोटिशीनंतर बँक कोर्टात न जाता ताबा घेऊ शकते. सहकारी सोसायटी महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला काढून लिलावापर्यंत जाते. लिलाव झाला तरी 30 दिवसांच्या आत थकबाकी आणि खरेदीदारासाठी बोलीच्या 5 टक्के रक्कम भरून तो रद्द करायचा अर्ज देता येतो.

सावकारानं व्याजात वावर लिहून घेतलं असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करा. 2014 च्या सावकारी कायद्याखाली 15 वर्षांच्या आतल्या व्यवहाराची चौकशी होऊन जमीन परत मिळू शकते. हातउसन्या चिठ्ठ्या, व्याज दिल्याच्या नोंदी, वावर अजून तुम्हीच वाहता याचा पुरावा जपा. प्रकरण त्यावरच उभं राहतं.

फेडीनंतरचं काम बरेच जण सोडून देतात. कर्ज पूर्ण फिटल्याचा नील दाखला घ्या, नोंदलेलं गहाण असेल तर गहाण सुटल्याचा लेखही नोंदवून घ्या. मग ई-हक्क या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर किंवा तलाठ्याकडे बोजा, म्हणजे सातबारावरची कर्जाची नोंद, कमी करण्याचा अर्ज द्या. फेरफार मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढा आणि ‘इतर हक्क’ रकान्यातून बोजा खरंच गेला का ते पाहा; राहिला तर पुढचं कर्ज आणि विक्री दोन्ही अडतं.