टेकडीवरचं तण काढताय? या चुका टाळा

पुण्यात टेकड्यांवर तण काढणाऱ्या मंडळींचं गणित बहुधा ठरलेलं असतं: जुलैत एखादा रविवार गाठायचा आणि गाजरगवत उपटायचं. घोळ इथूनच सुरू होतो. गाजरगवताला ऋतूचं सोयरसुतक नाही. ओल मिळाली की उगवायचं आणि महिना-सव्वा महिन्यात फुलायचं. २०२५ साली मान्सून मे महिन्यातच पुण्यात आला. अशा वर्षी जुलैपर्यंत थांबलात तर झाडं बी धरून बसलेली असतात. ती उपटून झटकणं म्हणजे पेरणीच. तारीख सोडा, पाऊस बघा. वळीव असो की दिवाळीतला अवकाळी, तीन आठवड्यांनी चक्कर मारा. हातमोजे हवेतच, नाहीतर अंगाला खाज सुटते.

गाजरगवतावर जगणारे मेक्सिकन भुंगेरे आहेत ना, खातील ते, असं म्हणून निवांत राहू नका. पावसाळा सरला की ते जमिनीत दडतात. नोव्हेंबरच्या अवकाळीवर उगवलेलं गवत त्यांच्या तावडीतून सुटतं.

घाणेरीचं (म्हणजे टणटणी, लँटाना) प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. आपण तिला एकच झाड समजतो. प्रत्यक्षात ती संकरांची खिचडी आहे. अमेरिका खंडातली ही झुडपं युरोपातल्या बागवानांनी शोभेसाठी एकमेकांत मिसळली आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती भारतातल्या बागांत आली. वेताळ टेकडीवर जरा थांबून बघा: एक जाळी गुलाबी, शेजारची केशरी, एकीला काटे भरपूर, दुसरीला नावापुरते. (एकाच तुऱ्यात रंग बदलतो तो फुलाच्या वयामुळे, त्यावर जाऊ नका.) म्हणूनच एका जाळीवर तुटून पडणारी कीड दुसरीला तोंडही लावत नाही.

त्यात आपण सोसायटीच्या कुंपणाला नर्सरीतली रंगीत घाणेरी लावतो. ‘हिला बी धरत नाही’ या बोलीवर विसंबू नका. अशा काही जातींचे परागकण कामाचे असतात, आणि फुलपाखरांना कुंपण कुठलं? टेकडीवरच्या घाणेरीला नवं रक्त मिळतं ते असं.

कोयत्याने घोट्याएवढी छाटणी तर करूच नका, दुप्पट धुमारे फुटतात. बुंध्याभोवती खणून मुख्य मूळ जमिनीखाली चार बोटं तोडा आणि गड्डा उलटा करून ठेवा. मोकळ्या जागेत लगेच स्थानिक गवताचं बी टाका, नाहीतर तिथे गाजरगवत आलंच म्हणून समजा. पुढच्या पावसानंतर घाणेरीची नवी रोपं आधी झाडांखाली शोधा. बुलबुल फळं खाऊन फांदीवर बसतात आणि बी तिथेच टाकतात.