सापडलेल्या काडीतून जादूची छडी कशी कोरावी

चाकूने लाकूड कोरायला शिकायचं असेल तर छडीपासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. चमच्याच्या खोलगट भागासाठी वाकडं पातं लागतं, वाडग्याला मोठा ओंडका लागतो. छडीला एक साधा चाकू, सँडपेपर आणि वाऱ्याने पडलेली एक काडी पुरते. शिवाय मापं आधी ठरलेली नसतात. काडी जशी वाकली असेल तशी छडी.

काडी निवडताना

जिवंत फांदी तोडू नका, झाडाखाली हवं तेवढं मिळतं. मुठीच्या बाजूला अंगठ्याएवढी, म्हणजे साधारण 2 ते 2.5 सेंटिमीटर जाड आणि 40 सेंटिमीटर लांब काडी घ्या. तयार छडी 30 ते 35 सेंटिमीटरची होते. जास्तीची लांबी हवीच, कारण सुकलेल्या काडीच्या टोकांना बारीक भेगा असतात आणि तेवढा भाग कापून टाकावा लागतो.

साल थोडी खरवडून नखाने दाबून पाहा. नख रुतलं तर लाकूड कुजलंय. हलकेच वाकवल्यावर कुरकुरली किंवा भोकांतून पीठ सांडलं, तर तीही नको. कापलेल्या टोकाकडेही बघा: काही झुडपांचा गाभा जाड आणि भुसभुशीत असतो, त्यांची छडी टोकाकडे तुटते. आणि झाड ओळखता येत नसेल तर काडी तिथेच ठेवा. कण्हेरीसारख्या झाडाचा प्रत्येक भाग विषारी असतो. त्याची धूळ नाकातोंडात जाता कामा नये.

ओली काडी लोण्यासारखी कापली जाते, पण सुकताना तडकते. लाकूड सगळ्या दिशांनी सारखं आकसत नाही. गाभ्याभोवतीच्या वलयांच्या दिशेने ते जास्त आकसतं, गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने कमी, आणि त्या ओढाताणीत भेग पडते. म्हणून ओली काडी मिळालीच तर दोन्ही टोकांना मेण किंवा लाकडाचा गोंद लावून सावलीत ठेवा, उन्हात नको. अधूनमधून वजन करत राहा. वजन उतरायचं थांबलं की काडी सुकली.

चाकू आणि बसण्याची पद्धत

7–8 सेंटिमीटर पात्याचा, न मिटणारा चाकू उत्तम. मिटणारा असेल तर पातं उघडल्यावर लॉक झालंच पाहिजे. धार कडक हवी. बोथट चाकूवर जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की तो घसरतो. काडी धरलेल्या हातात कापणीरोधक हातमोजा घाला. हात लांब करून फिरवला तर पोहोचेल एवढ्या अंतरात कोणी नसावं. मांड्यांच्या मधे कधीही कापू नका, तिथे मोठी रक्तवाहिनी असते. कोपरं गुडघ्यांवर टेका आणि काम गुडघ्यांच्या पुढे ठेवा. लहान मुलांना आधी बटाट्याच्या सोलाण्याने साल काढू द्यावी, तीही मोठ्यांसमोर.

तासणं

आधी पेन्सिलीने मूठ कुठे संपते ती रेघ सगळीकडून मारा. मुठीला एकूण लांबीचा तिसरा हिस्सा किंवा थोडा कमी. मग साल काढा. मुठीवर थोडी ठेवली तरी छान दिसते, पण सैल असेल तर ती पुढे सुटून येईल.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, तंतूंची दिशा. लाकूड म्हणजे लांब तंतूंची जुडी. जाड बाजूकडून बारीक बाजूकडे, म्हणजे उताराने कापलं की ढलपी सुरळीत निघते आणि खालचं लाकूड चमकतं. चढाने कापलं तर पातं तंतूंत शिरतं आणि मोठी कपची उचकटते. पातं अडकलं किंवा पृष्ठभाग खरखरीत झाला, की जोर लावू नका, काडी उलटी करून पलीकडून कापा. गाठीभोवती तंतू वळलेले असतात. तिथे गाठीच्या माथ्यावरून दोन्ही बाजूंना उतरत, कागदासारख्या पातळ ढलप्या काढा. मी गाठी काढून टाकत नाही. मुठीच्या शेवटी आलेली गाठ तर हाताशी आपोआप बसते.

पातं लाकडावर जवळजवळ आडवं ठेवा आणि काडी धरलेल्या हाताच्या अंगठ्याने पात्याची बोथट पाठ पुढे ढकला. फटका लांब नको, बोटाच्या पेरापुरता पुरे. दर चार-पाच कापांनंतर काडी थोडी फिरवा, नाहीतर एकच बाजू झिजते. टोक 6–7 मिलिमीटरपेक्षा बारीक करू नका आणि गोल ठेवा, छडी कोणाच्या डोळ्याजवळ जाऊ शकते.

मुठीवर कडी हवी असेल तर रेघेवर चाकू सरळ दाबून काडी फिरवत उथळ खाच पाडा. मग खाचेच्या दोन्ही बाजूंनी तिच्याकडे तिरपं कापत या. ढलपी खाचेपाशी येऊन अलगद तुटते, पुढे पळत नाही. सर्पिल नक्षीसाठी कागदाची पट्टी तिरपी गुंडाळून तिच्या कडेने रेघ मारा.

घासणं आणि तेल

सँडपेपर 80, 120, 220 नंबरचा (नंबर मोठा तितका कागद बारीक), याच क्रमाने, नेहमी तंतूंच्या दिशेने, मास्क लावून. 220 झाल्यावर ओल्या फडक्याने पुसा आणि सुकू द्या. उठलेले तंतू त्याच कागदाने हलके घासले की पुन्हा सहसा उठत नाहीत. चाकूचे पैलू आवडत असतील तर घासणं कमीच करा. मला ते पैलू जास्त आवडतात.

शेवटी जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसून घ्या, सुकल्यावर पुन्हा एकदा. जवसाचं कच्चं, म्हणजे प्रक्रिया न केलेलं तेल वाळायला बरेच दिवस घेतं, घाई असेल तर नुसतं मधमाशीचं मेण चोळा. तेलाचं फडकं मात्र चुरगळून टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते घराबाहेर पसरून वाळवा, किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.