रिमोटची युद्धनौका तळ्यात सोडताना

पहिल्याच वेळी फ्रिगेटच्या, म्हणजे मोठ्या युद्धनौकेच्या मॉडेलच्या नादाला लागू नका. ‘आयएनएस गोदावरी’ 126.4 मीटर लांब आणि 14.5 मीटर रुंद होती. 1:100 प्रमाणात ती सव्वा मीटर लांब होते, पण रुंदी जेमतेम साडेचौदा सेंटीमीटर उरते. वजन घनाच्या हिशेबाने उतरतं, म्हणजे 3,850 टनांचे 3.85 किलो. तेवढ्यात सगळं बसवून ती कलंडू न देणं नवख्याला जड जातं. त्यापेक्षा कारवारच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून ठेवलेली ‘आयएनएस चपल’ एकदा फिरून बघा. त्या जातीची क्षेपणास्त्र नौका 38.6 मीटर लांब, 7.6 मीटर रुंद. 1:40 ला 96 बाय 19 सेंटीमीटर, वजन पावणेचार किलोच्या आसपास. आखूड, रुंद आणि भरवशाची.

मूळ नौकेला पाण्याखाली तीन पंखे (प्रोपेलर) असतात. मॉडेलमध्ये बाजूचे दोन चालते ठेवले तरी पुरे. 4 मिलिमीटरचा स्टेनलेस शाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा), त्यावर पितळी नळी आणि दोन्ही टोकांना बुश हे काम बेळगावच्या उद्यमबागेतला कुठलाही चांगला लेथवाला करून देईल. त्याला एकच गोष्ट ठासून सांगा: नळीची लांबी अशी हवी की तिचं आतलं टोक पाण्याच्या रेषेच्या वर येईल. ते खाली राहिलं, तर ग्रीस संपताच पाणी शाफ्टच्या कडेने आत झिरपत राहतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

नौका स्थिर राहावी म्हणून तळाशी शिसं भरायचं काम घरच्या हौदात उरका, तळ्यावर नाही. बॅटरी, रिसीव्हर, सर्व्हो (सुकाणू वळवणारी छोटी मोटार), डेक सगळं जागेवर ठेवून शिशाचे तुकडे छोट्या पिशव्यांत घालून तळाशी मधल्या रेषेवर मांडा. नौकेवर रंगवलेली पाण्याची रेषा पाण्याला टेकली की डेकची एक कड तळहाताने दोनेक सेंटीमीटर दाबून सोडा. नौका झटकन सरळ झाली पाहिजे. ती रेंगाळत, विचार करत सरळ होत असेल, तर वजन वर आहे. आणखी शिसं ओतण्याआधी मनोरे हलके करा, बॅटरी खाली घ्या. शिसं चिकटवायचं ते सगळ्यात शेवटी. मग अर्धा तास तशीच तरंगत ठेवून आतून टिश्यू फिरवा. कागद ओला झाला, तर त्या रविवारी तळं नाही.

ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या सकाळी उत्तम. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव कधी गाठेल सांगता येत नाही. विसर्जन होणारी तळी, उदाहरणार्थ कपिलेश्वरचं, गणपतीनंतर बरेच दिवस टाळा. सुतळी, काथ्या, निर्माल्य सगळं पंख्यात येतं. राकसकोप जलाशयाचं पाणी बेळगाव शहराला पिण्यासाठी जातं, तिथे जायचंच नाही. दगडखाणीतली डबकी काठालाच खोल असतात, तीही नकोत. गावतळं असेल तर आधी ग्रामपंचायतीत विचारा आणि मासेमारीचा ठेका ज्याच्याकडे आहे त्याला भेटा. “मामा, जाळी कुठे लावलीय?” एवढं विचारलं की अर्धा धोका टळतो.

चिमूटभर माती उडवून वारा बघा. वारा तुमच्याकडे येईल अशा काठावर उभं राहिलात, तर बंद पडलेली नौका आपोआप तुमच्याकडे येते. पण जलपर्णी आणि शेवाळही त्याच काठाला साचतं, म्हणून त्या काठाचा मोकळा कोपरा शोधा. लक्षात ठेवा, लाटा प्रमाणात लहान होत नाहीत: दहा सेंटीमीटरची लाट 1:40 च्या नौकेला चार मीटरची असते.

आधी रिमोट चालू, मग नौका. बंद करताना उलटं. सोडण्यापूर्वी नौका स्टँडवर ठेवून पंखे हळू फिरवा आणि रिमोट बंद करा. पंखे थांबलेच पाहिजेत. फिरत राहिले, तर फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर मोटार थांबवणारी सोय) चुकीचा लावलाय. सिग्नल तुटला की नौका सरळ समोरच्या काठावर आदळेल. 2.4 गिगाहर्ट्झचा सिग्नल पाण्यातून जवळजवळ जात नाही, म्हणून अँटेना पाण्याच्या रेषेच्या वर, बॅटरीपासून दूर ठेवा.

पन्नास मीटरच्या आत चालवा. नौदलाचा करडा रंग पाण्याच्या चकाकीत विरघळतो. नौका येतेय की जातेय तेही कळत नाही. सूर्य पाठीशी घ्या, मास्टला नारिंगी फीत बांधा. नौका तुमच्याकडे येताना डावं-उजवं उलटतं. तिच्या ब्रिजवर उभे आहोत असं समजून स्टिक हलवा. वेगाचं म्हणाल तर 40 नॉटला 40 च्या वर्गमुळाने भागा: साधारण सव्वातीन मीटर प्रतिसेकंद. त्याहून पळवली तर ती खेळणं दिसते.

आवाज जड झाला, वेग पडला, की लगेच थ्रॉटल सोडा. पंख्यात शेवाळ अडकलं की मोटार जास्त करंट ओढते, मोटारीचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर तापून बंद पडतो आणि त्याच्यावरच रिसीव्हर चालत असेल तर सुकाणूही जातं. बॅटरी आणि कंट्रोलरच्या मध्ये फ्यूज हवाच. 4000 एमएएचच्या बॅटरीवर दोन मोटारी मिळून सहा अँपिअर घेत असतील, तर हिशेबाने 40 मिनिटं निघतात. 25 व्या मिनिटाला काठावर आणा.

नौका मध्येच अडकली, तर गळाच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधून तिच्या पलीकडे फेका आणि दोरी तिच्यावरून हळूहळू ओढा. पोहत कुणीही जायचं नाही, पट्टीचा पोहणारा असला तरी; गाळ आणि वेली पाय धरतात.

घरी आल्यावर झाकण उघडून नौका सावलीत रात्रभर वाळवा, नळीत नवं ग्रीस भरा. लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी भिजली असेल तर चार्जिंगला लावू नका, बाहेर मोकळ्यावर ठेवा. कोरडी असेल तर दर सेलला 3.8 व्होल्टवर आणून ठेवा.